कामावर परतला म्हणून हक्क संपत नाही

कारखान्यात हाताची बोटे गमावलेला कामगार दोन-तीन महिन्यांनी पुन्हा गेटवर हजर झाला की व्यवस्थापन सुटकेचा निःश्वास टाकते. माणूस कामावर आला, अर्थात तो बरा झाला. बरा झाला, अर्थात त्याचे नुकसान झाले नाही. आणि नुकसानच नाही तर भरपाई कसली, असा हिशेब मांडला जातो. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात हा हिशेब इतका रुळला आहे की, ज्याची बोटे गेली तो कामगारही पुष्कळदा तो खरा मानून चालतो. वस्तुतः हा हिशेब कायद्याच्या दृष्टीने खोटा आणि माणुसकीच्या दृष्टीने लाजिरवाणा आहे. अपंग झालेला कामगार परततो तो बरा झाला म्हणून नव्हे, तर खोलीचे भाडे थांबत नाही म्हणून. त्याच्या या नाइलाजाचा त्याच्याच दाव्याविरुद्ध पुरावा म्हणून उपयोग होऊ देणे, ही कामगार चळवळीची नामुष्की ठरेल.

या पट्ट्याचा इतिहास उद्योगाच्या भरभराटीचा आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीची शेते कारखान्यांखाली गेली. चालू शतकात हीच रेघ पुढे सरकत चाकण, महाळुंगे, निघोजेपर्यंत पोहोचली. मोठ्या मोटार कंपन्यांची चकचकीत आवारे रस्त्यावरून दिसतात. परंतु त्या मोटारींचे पत्र्याचे सुटे भाग जेथे कापले व वाकवले जातात, त्या प्रेसशॉपच्या शेड आतल्या गल्ल्यांत असतात. मोठी कंपनी, तिचा पुरवठादार, त्या पुरवठादाराचा पुरवठादार आणि त्याने नेमलेला कंत्राटदार, अशा उतरंडीच्या तळाशी लातूर, नांदेड, यवतमाळचा किंवा बिहार-उत्तर प्रदेशाचा तरुण बारा-बारा तास पॉवर प्रेससमोर उभा असतो. डायखाली पत्रा सरकवायचा, पेडल दाबायचे, भाग काढायचा. दोन्ही हातांनी एकाच वेळी बटणे दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये, हात आत असताना सेन्सरने यंत्र थांबावे, ही व्यवस्था तंत्रज्ञानाला फार पूर्वीपासून साध्य आहे. परंतु तिला पैसे लागतात व तिने उत्पादनाचा वेग थोडा कमी होतो. म्हणून ती बसवली जात नाही, किंवा बसवलेली बंद ठेवली जाते.

गुडगाव-मानेसरच्या पट्ट्यात वाहन उद्योगातील जखमी कामगारांमध्ये काम करणाऱ्या ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेने २०१९ पासून ‘क्रश्ड’ या नावाने प्रसिद्ध केलेल्या अहवालांतून हेच चित्र पुढे आले. पुढे त्या अहवालांच्या कक्षेत महाराष्ट्रही आला. चिरडली जातात ती मुख्यतः बोटे. चिरडली जातात ती मुख्यतः लहान पुरवठादारांच्या शेडमध्ये. आणि विम्याचे कार्ड पुष्कळांच्या हाती पडते ते अपघात झाल्यानंतरच. अशा वेळी अपंगत्वाच्या दाव्याचा प्रश्न हा एका दुर्दैवी माणसाचा प्रश्न राहत नाही. तो उत्पादनपद्धतीचाच एक भाग ठरतो.

कायदा या बाबतीत मुका नाही. अपघाताची भरपाई मालकाने द्यावी हे तत्त्व या देशात १९२३ च्या कायद्याने मान्य केले. भरपाईसाठी मालकाच्या मागे धावण्याची पाळी कामगारावर येऊ नये, विम्याच्या निधीतून ती त्याला हक्काने मिळावी, या विचाराची आखणी प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ साली सादर केलेल्या अहवालात केली, आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. हे दोन्ही कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन करण्यात आले आहेत. कायद्याचे नाव बदलले तरी मूळ चौकट तीच आहे आणि ती प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ असली पाहिजे.

या चौकटीत अपंगत्वाचे दोन लाभ आहेत. त्यांच्यातील फरक न समजल्यामुळे कामगारांचे जितके नुकसान होते तितके क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. पहिला लाभ तात्पुरत्या अपंगत्वाचा. जखम भरेपर्यंत, डॉक्टरांच्या दाखल्यावर, सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के रक्कम विमा महामंडळ देते. त्यासाठी वर्गणी किती दिवस भरली याची अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हा लाभ लागू होतो. मात्र ज्या दिवशी कामगार काम करून मजुरी घेतो त्या दिवसाचा हा लाभ त्याला मिळत नाही. १९४८ च्या कायद्याचे ६३ वे कलम हेच सांगत होते आणि त्यात अन्याय नाही. एकाच दिवसाची मजुरी आणि त्याच दिवसाच्या गैरहजेरीचा भत्ता, दोन्ही घेता येत नाहीत. दुसरा लाभ कायमच्या अपंगत्वाचा. जखम भरल्यावर वैद्यकीय मंडळ कामगाराची कमावण्याची शक्ती किती टक्क्यांनी घटली हे ठरवते आणि त्या प्रमाणात त्याला आयुष्यभर रक्कम मिळते. या दुसऱ्या लाभाला ६३ व्या कलमाचा प्रतिबंध नव्हता. कामगार त्याच कारखान्यात परतला, दुसरीकडे लागला, पूर्वीइतका पगार मिळवू लागला, तरीही ही रक्कम बंद होत नाही. कारण ती आजच्या पगाराची भरपाई नाही. गेलेल्या बोटाबरोबर जी शक्ती कायमची गेली तिची ती भरपाई आहे.

एक साधे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होईल. दरमहा १५,००० रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे ५०० रुपये मिळवणाऱ्या कामगाराला तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात दिवसाला ४५० रुपये मिळावयास हवेत. त्याची तर्जनी मुळापासून गेली तर कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे कमावण्याच्या शक्तीची हानी १४ टक्के धरली जाते. म्हणजे ४५० रुपयांचे १४ टक्के, दिवसाला ६३ रुपये, महिन्याला १,८९० रुपये. ही रक्कम मोठी नाही. एका बोटाची किंमत ६३ रुपये लावणाऱ्या व्यवस्थेविषयी बोलावे तेवढे थोडेच. परंतु वयाच्या बाविसाव्या वर्षी बोट गमावलेल्या तरुणाला ती पुढील चाळीस-पन्नास वर्षे मिळावयाची असते. एका सहीने तो हे सारे सोडून देतो, तेव्हा किती सोडतो याचा हिशेब त्याच्यापुढे कोणीतरी मांडला पाहिजे.

ही सही घेतली कशी जाते? अपघाताच्या दिवशी जखमीला सरकारी विमा रुग्णालयाऐवजी ओळखीच्या खाजगी दवाखान्यात नेतात. तेथे नोंद ‘घरी दुखापत झाली’ अशी होते किंवा नोंदच होत नाही. दोन आठवड्यांनी सुपरवायझर खोलीवर येतो. ‘‘केस-बिस करू नकोस. बसून करण्यासारखे काम देतो तुला, पगार चालू राहील,’’ असे तो सांगतो. तिकडे विम्याचे पैसे सुरू झालेले नसतात, कारण अपघाताचा अहवालच महामंडळाच्या शाखा कार्यालयात पोहोचलेला नसतो. खोलीभाडे, मेसचे पैसे, गावाकडे पाठवायची रक्कम, सारे तुंबलेले असते. मग बँडेज बांधलेल्या हाताने तो स्टोअरमध्ये किंवा पॅकिंगला उभा राहतो. हजेरीपत्रकावर त्याची हजेरी लागते आणि ‘माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही होते. चार-सहा महिन्यांनी कंत्राट बदलते, त्याचे नाव नव्या यादीत नसते, आणि ‘पगार चालू राहील’ हे आश्वासन देणारा सुपरवायझर हात वर करतो. तोवर अपघात पाहणारे सोबती पांगलेले असतात.

म्हणून कामावर परतण्याविषयी कामगाराला नेमका सल्ला मिळाला पाहिजे. डॉक्टरांनी तंदुरुस्तीचा दाखला देईपर्यंत परतू नये, हे खरे. परंतु पोटासाठी परतणे भागच पडले तर ते चोरून करू नये. कामाच्या दिवसांचा तात्पुरता लाभ मागू नये. तो मागितल्याने खोटेपणाचा ठपका येतो व खरा दावाही डागाळतो. आणि कामावर परतल्यानंतरही कायमच्या अपंगत्वाचा दावा चालू ठेवावा. हा दावा म्हणजे मालकाशी कृतघ्नपणा नव्हे. विम्याच्या निधीत कामगाराच्याही पगारातून वर्गणी गेलेली असते. २०१९ पासून ती मालकाकडून सव्वातीन टक्के व कामगाराकडून पाऊण टक्का अशी आहे. स्वतःच्याच निधीतून स्वतःचा हक्क मागणाऱ्याला उपकाराच्या भाषेत गप्प बसवणे हा ढोंगीपणा होय.

टक्केवारीचा प्रश्न याहून नाजूक आहे. अनुसूचीत अंगठ्याला ३० टक्के, मधल्या बोटाला १२, अनामिका किंवा करंगळीला ७, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के अशी कोष्टके आहेत. कोष्टकाला बोट दिसते, बोटाचा धंदा दिसत नाही. कारकुनाचे आणि टर्नरचे बोट एकाच मापाने मोजले तर टर्नरवर अन्याय होतो. या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबता या खटल्यात दिलेला निर्णय कामगारांनी विसरू नये. ओरिसातील जेपूर येथे एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार ६ जुलै १९६८ रोजी पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. हानी अंशतःच आहे, असे मालकाचे म्हणणे होते. एका हाताने सुतारकाम होत नाही, अपघाताच्या वेळी तो जे काम करू शकत होता ते आता करू शकत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व पूर्ण आहे, असे न्यायालयाने मान्य केले. त्याचबरोबर, भरपाई देण्याची जबाबदारी निकालाच्या तारखेपासून नव्हे तर अपघाताच्या तारखेपासून सुरू होते, हेही स्पष्ट केले. हा निर्णय १९२३ च्या कायद्याखालील होता. परंतु माणसाचे अपंगत्व त्याच्या कामाशी ताडून पाहावयाचे असते, हा त्यातला विचार प्रत्येक वैद्यकीय मंडळापुढे मांडण्यासारखा आहे. मंडळाचा निर्णय पटला नाही तर अपील न्यायाधिकरणाकडे व विमा न्यायालयाकडे जाण्याची वाट १९४८ च्या कायद्याने ठेवली होती, आणि अपिलाची मुदत तीन महिन्यांची होती. मुदत टळू देणे म्हणजे हातचा दावा बुडवणे होय, हे आजही तितकेच खरे.

ज्यांची नावे विम्यात नाहीत त्यांची कथा आणखी बिकट आहे. १ जानेवारी २०१७ पासून विम्याची वेतनमर्यादा २१,००० रुपये ठरली. तिच्यावर पगार असलेले कायम कामगार विम्याबाहेर राहिले. शिकाऊ उमेदवार कायद्याखालील उमेदवारही विम्यात नव्हते. ‘ट्रेनी’ या गोंडस नावाखाली प्रत्यक्ष उत्पादन करणाऱ्यांची तर गणतीच नाही. या सर्वांना १९२३ च्या कायद्याचा मार्ग उरतो, जो आता संहितेत समाविष्ट झाला आहे: अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा, भरपाई थकल्यास बारा टक्के व्याज, आणि समर्थनीय कारण नसताना विलंब झाल्यास भरपाईच्या निम्म्यापर्यंत दंड. कंत्राटदाराने हात झटकले तरी मूळ मालक सुटत नाही. आणि भरपाईचा हक्क सोडून देण्याचा करारच कायद्याला मंजूर नाही. खोलीवर येऊन घेतलेल्या त्या सहीला कामगार जितका घाबरतो तितके घाबरण्याचे कारण नाही.

मात्र दावा लावायला मालक सापडला पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडी परिसरातील हजारो बांधकामे पाडली. त्यांत लहान कारखान्यांच्या शेड होत्या. ती बांधकामे कायदेशीर होती की नव्हती हा वाद निराळा. शेड नाहीशी होते तेव्हा तिच्याबरोबर यंत्र, हजेरीपत्रक, साक्षीदार आणि पत्ताही नाहीसा होतो. विम्यात नाव असलेल्या कामगाराला निदान महामंडळाचे दार उरते. नाव नसलेल्याला फक्त तुटलेले बोट उरते. अपघाताच्या आधी, कामाच्या पहिल्याच दिवशी विम्याची नोंदणी का झाली पाहिजे, याचे याहून सबळ कारण सांगता येणार नाही.

आता नोकरीच्या सुरक्षिततेकडे वळले पाहिजे, कारण दाव्याला खरा अडसर तेथे आहे. १९४८ च्या कायद्याचे ७३ वे कलम आजारपणाचा किंवा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना कामगाराला काढण्यास मनाई करत होते. परंतु तंदुरुस्तीचा दाखला मिळाला की हे संरक्षण संपत असे. औद्योगिक विवाद कायद्याने तर दीर्घकालीन अनारोग्यामुळे केलेली सेवासमाप्ती कपातीच्या व्याख्येतूनच वगळली होती. औद्योगिक संबंध संहितेत मुदतबंद नोकरी संपण्याच्या नव्या अपवादाची भर पडली. याउलट दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे २० वे कलम सांगते की, सेवेत असताना अपंग झालेल्याला काढता येणार नाही किंवा त्याचा दर्जा कमी करता येणार नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीचे दुसरे पद दिले पाहिजे. परंतु हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरते आहे. सरकारी कर्मचाऱ्याचा हात गेला तर त्याची नोकरी शाबूत, आणि चाकणच्या प्रेसशॉपमधील कामगाराचा हात गेला तर त्याचे नशीब! हात दोघांचेही सारखेच तुटतात. मग कायदा निम्म्या वाटेत का थांबावा, या प्रश्नाचे उत्तर राज्यकर्त्यांनी दिलेले नाही.

मालकांच्या बाजूने दोन आक्षेप घेतले जातात. लहान कारखानदाराला एवढा बोजा पेलणार नाही, हा पहिला. विम्याचे तत्त्व नेमके याच अडचणीवर शोधले गेले आहे. नोंदणी केलेल्या लहान कारखानदाराला भरपाई खिशातून द्यावी लागत नाही, ती निधी देतो. बोजा होतो तो नोंदणी चुकवणाऱ्यालाच. शिवाय सुटे भाग स्वस्तात घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांच्या यंत्रांची सुरक्षितता तपासली आणि त्यासाठी दरात जागा ठेवली, तर लहान कारखानदाराचाही श्वास मोकळा होईल. दुसरा आक्षेप खोट्या दाव्यांचा. पाठदुखीबद्दल वाद होऊ शकतो, बोटाबद्दल होऊ शकत नाही. गेलेले बोट कोणी खोटे दाखवू शकत नाही. थोड्या लबाडांच्या भीतीने सर्व जखमींना संशयाच्या पिंजऱ्यात उभे करणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय.

काम आणि भरपाई एकत्र नांदू शकतात, याचा अनुभव जगाला आहे. ब्रिटनने १९४६ साली औद्योगिक दुखापतींच्या विम्याचा कायदा केला. तेथे कामातील दुखापतीमुळे आलेल्या अपंगत्वाचा भत्ता कामगार नोकरी करत असला तरी मिळतो, आणि त्यामुळे ब्रिटनचे उद्योग बंद पडले नाहीत. उलट, कामावर परतल्याने भत्ता बुडत नाही अशी खात्री असेल तर माणूस निर्धास्तपणे परततो. ज्याला ‘परतलास तर दावा गेला’ अशी भीती घातली जाते, तो एक तर घरी कुजतो, नाही तर दावा सोडून देतो.

या परिस्थितीत चळवळीच्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. अपघात झाल्यापासून ठरावीक दिवसांत तात्पुरता लाभ सुरू झालाच पाहिजे. मालकाचा अहवाल आला नाही ही सबब कामगाराविरुद्ध चालता कामा नये. वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाला कालमर्यादा हवी. चाकणच्या कामगाराला प्रत्येक कागदासाठी पुण्यात बिबवेवाडीच्या कार्यालयापर्यंत पस्तीस-चाळीस किलोमीटरची खेप घालावी लागू नये. एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. दिव्यांग कायद्यातील नोकरीचे संरक्षण खाजगी उद्योगांना लागू झाले पाहिजे. दावा प्रलंबित असताना कामगाराला काढण्यास मनाई हवी. संहितेखालील नियमांत जुन्या ७३ व्या कलमाचे संरक्षण पातळ होत नाही ना, यावर संसदेतील व विधिमंडळातील प्रतिनिधींनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे.

परंतु मागण्या मंजूर होईपर्यंत कार्यकर्त्यांनी वाट पाहत बसू नये. वस्तीतील कोणाही कामगाराला अपघात झाल्याचे कळताच दवाखान्याच्या पहिल्या नोंदीत ‘कामावर असताना’ हे शब्द आले आहेत की नाहीत हे पाहणे, जखमीला मोहननगरच्या विमा रुग्णालयात नेणे, अपघाताच्या दिवसाची हजेरी, पगाराची पावती व सोबत्यांची नावे त्याच आठवड्यात लिहून ठेवणे, मालक अहवाल देत नसेल तर महामंडळाला आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला लेखी कळवून पोच घेणे, ही कामे वकिलाशिवाय होण्यासारखी आहेत. कंत्राटी कामगार मोठ्या संघटनांच्या सभासद-पटावर नसतो. म्हणूनच त्याच्याकडे प्रथम गेले पाहिजे. कायम कामगारांच्या संघटनांनी वेतनकराराच्या वाटाघाटींत जखमी कंत्राटी कामगाराच्या पर्यायी कामाचे एक कलम घातले, तर त्या कलमाचे मोल पगारवाढीच्या काही रुपयांहून कमी ठरणार नाही.

बँडेज बांधलेला हात घेऊन उद्या सकाळच्या शिफ्टला एखादा तरुण गेटवर उभा राहील. त्याला काम मिळाले पाहिजे, आणि त्याचा दावाही चालू राहिला पाहिजे. या दोहोंपैकी एकाची निवड करण्यास त्याला भाग पाडणाऱ्यांना कायद्याचा आधार नाही. हे त्याला गेटवरच सांगणारा माणूस तेथे हजर असणे, एवढेच चळवळीच्या हाती आहे, आणि तेवढे तिने केलेच पाहिजे.